शूगुई कोण?

चीनमधल्या फूशुनच्या खाणीत कोळशाच्या थरांतून मधाच्या रंगाचा तृणमणी, म्हणजे अंबर, निघतो. तोंग आजीच्या गळ्यात त्याचंच एक जुनं लोलक होतं. वेलीसकट कोरलेला इवलासा भोपळा. तिच्या आजीकडून आलेला. त्याला ती कुणाला बोट लावू देत नसे, सुनेला तर नाहीच.

सून म्हणजे फंगशिया. खाणीच्या कॅन्टीनमध्ये वाफेवरचे पाव करण्यात तिचा जन्म गेला. खाणकामगार ते मिटक्या मारत खात, घरी सासू म्हणे, "दगड बरे!"

पुढे म्हातारीला भ्रम झाला. एका सकाळी फंगशिया तिला राळ्याची पेज भरवत होती, तर म्हातारीने लोलक काढून तिच्याच गळ्यात घातलं.

"घे गं शूगुई. कधीची मागत होतीस."

फंगशियाने पेज खाली ठेवली. ती तडक नवऱ्याकडे गेली. "अरे बाओचंग, ही शूगुई कोण?"

"मला काय ठाऊक! आमच्यात कुणीच नाही या नावाची."

नणंद चुनलिंग फोनवर म्हणाली, "वहिनी, आईचं डोकं ठिकाणावर नाही. काढून ठेव ते. आणि नीट ठेव हं!" ते शेवटचं फंगशियाला लागलं.

तिने सासूलाच विचारलं. म्हातारी खळखळून हसली. "ऐका! स्वतःचंच नाव विचारतेय!"

दुसऱ्या दिवशी फंगशिया बाजारातून आली, तर म्हातारी कडाडली, "फंगशिया, चोरटे! काढ आधी माझा मणी!" फंगशियाने तो काढून परत केला. संध्याकाळी तो पुन्हा तिच्या गळ्यात. वर केसांवरून हात फिरवणं, "शूगुई, वाळलीस गं!"

असं रोजच चाललं. शिव्या तिच्या नावाने, माया दुसरीच्या नावाने. रागवावं की सुखावावं, तिला कळेना. शेवटी ती शूगुईच्या नावाला ओ देऊ लागली.

एकदा दोघी पावांत कोबीचं सारण भरत बसल्या होत्या. म्हातारी हळूच म्हणाली, "शूगुई, आमची फंगशिया पाव मात्र झकास करते हं. तिला सांगू नकोस."

"का? सांगा की तिला!"

"छे! डोक्यावर बसेल."

फंगशियाला हसू आलं, रडूही आलं. सारण पिठात सांडलं.

त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. चुनलिंग आली तेव्हा लोलक वहिनीच्या गळ्यात होतं. फंगशियाने ते काढून पुढे केलं.

"आईने हे तुला दिलं?" चुनलिंगने विचारलं.

"शूगुईला दिलं."

"पण ती आहे तरी कोण?"

"मलाच उमगलेलं नाही बघ, चुनलिंग. कधी वाटतं मी, कधी वाटतं भलतीच कुणी."

चुनलिंगने मणी मुठीत धरला. तो वहिनीच्या अंगाने अजून कोमट होता. जरा वेळाने तिने तो परत वहिनीच्या हातावर ठेवला. "असू दे तुझ्याकडे. आलीच कधी ती, तर दे तिला."

कोणीच आलं नाही.