दुसरी नक्कल

बिरादार मामांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते तो आधी वाचत नसत. उलटा करून मागची बाजू बघत आणि विचारत, "याचा जोडीदार कुठंय?" जोडीदार म्हणजे दुसरी नक्कल. ती नसेल तर स्वतः करायला बसत. हजेरीचा तक्ता असो की कपाटाची किल्ली, मूळ ऑफिसात आणि जोडीदार कंधारला, लेकीच्या घरी. महिन्यातून एकदा पिशवी भरून ते कंधारची एसटी पकडत. लातूरच्या ज्या क्लासमध्ये ते कारकून होते, तिथं या सवयीची सगळे चेष्टा करत. मामींचाही एक जोडीदार कंधारला असेल, असं शिपाई म्हणायचा. मामाही हसत. "हाय की. तिची बहीन हाय तिथं. पन ती मला घरात घेत न्हाई."

माझं नांदेडला कॉम्प्युटरचं दुकान. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि प्रत्येकाला कॉम्प्युटर हवे होते, त्यामुळे माझे निम्मे दिवस तिथंच जात. मशीन उघडून बसलो की मामा शेजारी खुर्ची ओढत. त्यांना शिकायचं नसे, फक्त आत काय काय आहे ते बघायचं असे. अशाच एका दुपारी त्यांनी मला भूकंपाचं सांगितलं.

मामा तेव्हा निलंग्याकडच्या एका गावात शाळेचे कारकून होते. पोरांच्या जन्मतारखा ज्या जनरल रजिस्टरात असतात, त्याची नक्कल त्यांनी आधीच करून ठेवली होती. "पन दोनी येकाच कपाटात ठिवल्या, सायेब. शाळा बसली, दोनी संगंच गेल्या." पुढं कित्येक महिने ते पत्र्याच्या शेडमधून हिंडले. दाखला नाही तर पुढच्या शाळेत प्रवेश कसा मिळणार? आयांना तारखा कुठल्या आठवतात. कुणी म्हणे ज्वारी काढायला लागलो तेव्हा झाला, कुणी म्हणे विहिरीला पाणी लागलं त्या आठवड्यात. त्यावरून मामांनी एकेक तारीख जुळवली. जी पोरं राहिली नव्हती त्यांचीही. ती कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आई नाव सांगाय लागली की हे नगं, असं कसं म्हनावं?"

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय.

क्लासचा पसारा वाढला तेव्हा क्लास चालवणाऱ्या सरांनी सर्व्हर घ्यायचं ठरवलं. दर आठवड्याच्या चाचण्यांचे गुण आणि बारा वर्षांत जमवलेले प्रश्न त्यावर राहणार होते. मशीनमध्ये दोन डिस्क होत्या आणि त्या जोडायच्या दोन पद्धती. एकीत दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी असते, पण जागा एकीएवढीच मिळते. दुसरीत अर्धं इकडं, अर्धं तिकडं. जागा दुप्पट, वेगही जास्त, पण एक गेली की सगळंच गेलं. पहिली पद्धत योग्य, हे मला पक्कं माहीत होतं. पण सर म्हणाले, निम्मी जागा वाया घालवायला तुम्हाला कशाला बोलावलं? समोर शिक्षक बसले होते. त्यांच्यादेखत सरांना खोडून काढायचं धाडस मला झालं नाही. दुसरी करू, म्हणालो.

मामांनी कोपऱ्यातून विचारलं, "यातली येक मेली तर?"

मी म्हणालो, "मामा, डिस्क म्हणजे काय तुमच्या गावातली मातीची भिंत आहे का, पडायला?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. "मातीची न्हाई पडली सायेब. दगडाची पडली," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

पुढं दर आठवड्याला गुणांची छापील यादी काढायची पद्धत सरांनी बंद केली. मामा मात्र दर रविवारी मशीनसमोर बसून गुण हातानं उतरवून घेत. छापलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेची एक प्रत बाजूला ठेवत.

बारावीच्या परीक्षेला महिना राहिला असताना सर्व्हर सुरू होईना. मी नांदेडहून आलो. एक डिस्क गेली होती. दुसरी धडधाकट होती, पण तिच्यावरच्या अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांचा उपयोग नव्हता. सर माझ्याकडं बघत होते. मी विचारलं, रविवारी मशीन कुणी बंद केलं? रविवारी ते नेहमी मामाच बंद करत.

"बंद करताना काहीतरी चुकलं असेल," मी म्हणालो.

तसं काही नव्हतं. मशीन बंद करायला मीच त्यांना शिकवलं होतं आणि ते पायरी न् पायरी वहीत लिहून तसंच करत. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रू गोळा करत राहिलो. सरांनी त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी मामा कंधारच्या एसटीनं आले. खांद्यावर पोतं होतं. त्यातून गुणांची रजिस्टरं आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढून त्यांनी सरांच्या टेबलावर रचले. वर एक किल्ली ठेवली. "हा तुमच्या किल्लीचा जोडीदार. तेवढा राहिला होता." चहाला थांबले नाहीत. त्या रजिस्टरांवरून आणि गठ्ठ्यांवरून आठ दिवसांत सगळं पुन्हा भरलं गेलं. ते भरून घेणारा मीच होतो.

त्यानंतर मामा कंधारलाच राहिले. मी गेलो, पण फार वर्षांनी. ओसरीवर नातवाच्या वहीला कव्हर घालत बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. स्क्रू गोळा करताना तुमी मान वर केलीच न्हाई." मग कव्हरची घडी दाबत विचारलं, "सरांना सांगितलं?"

नाही, म्हणालो.

"मंग याचा जोडीदार कुठंय, सायेब?"

लातूरला जाऊन सांगतो, असा शब्द मी दिला. चार महिने नुसता शब्दच राहिला. तेवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला, मामा गेले म्हणून. दिवस झाल्यावर मी सरांकडं गेलो आणि सांगितलं. क्लासची आता चार मजली इमारत आहे. सरांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ आठवून पाहिलं आणि विचारलं, "बिरादार म्हणजे कोणते?"

म्हणून हे लिहिलं. दोन नकला केल्यात, हातानं. एक सरांना देऊन येणार आहे. दुसरी आजच्या एसटीनं कंधारला नेतोय.