कोऱ्या बाटलीतला वास

त्या दिवशी दाक्षायणीबाईंच्या यंत्रात माझा गुडघा सापडला.

झालं असं, की सकाळी मी दुखऱ्या गुडघ्याला बाम चोळला आणि लॅबमध्ये आल्यावर, बाईंना तेवढीच मदत म्हणून, त्याच हातांनी त्यांच्या रिकाम्या बाटल्यांना झाकणं लावली. रोज पहिली बाटली कोरीच चालवतात. यंत्र स्वच्छ आहे ना, एवढं बघायला. त्या कोऱ्या बाटलीतून कागदावर भलामोठा सुळका उगवला. बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"रावजी, डावा का उजवा?"

"डावा," मी म्हणालो. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"कोऱ्या बाटलीतून येतं त्याला आमच्यात भूत म्हणतात. आता हे तुमचं भूत धुऊन काढण्यात माझा अर्धा दिवस जाणार."

सोलापूरच्या जुळे सोलापूर वस्तीतल्या या छोट्या लॅबमध्ये मी प्रमाणपत्रं टाइप करतो आणि दाक्षायणी बिराजदार वास ओळखतात. बावीस वर्षं झाली. तेलातली भेसळ, चादरीच्या रंगातलं नको ते, सगळं त्यांच्याकडं येतं. यंत्र काय करतं ते त्यांनी मला एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं. आधी तापवून सरमिसळ सोडवायची, एकेक पदार्थ वेगळा काढायचा. मग त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांचं वजन करायचं. त्या वजनांवरून अख्खा कोण होता ते कळतं. "कासारणीपुढं नुसत्या काचा टाका, बांगडी कुठली ते सांगती की. तसंच."

या यंत्रापायी बाईंच्या डोक्याला तेल नाही, वेणीत गजरा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी अत्तर लावायला आलं की त्या हात मागं घेतात. शेजारणी त्याचे नाना अर्थ काढतात. नाक मात्र लहानपणापासूनचं. वडील सूत रंगवायचे. ते दारात आले की आज कुठला रंग होता हे पोरगी डोळे मिटून सांगायची.

गुडघ्याच्या भानगडीनंतर आठवडाभरात वैरागच्या गोजरबाई आल्या. काखेत स्टीलचा डबा, मागं मुलगा युवराज. डबा त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"ताई, ह्यात आमचं मालक हाईत."

मी खुर्ची जरा मागं सरकवली. मालक म्हणजे मानसिंग. त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली. तीस वर्षं मागच्या खोलीत खाटेवर बसून बिड्या ओढल्या, आणि आता रोज दुपारी तीनला त्या बंद खोलीतून बिडीचा वास येतो. त्या वासात ठेवलेलं फडकं गोजरबाईंनी डब्यात घालून आणलं होतं.

"आईचं डोकं फिरलंय," युवराज तिच्या देखतच म्हणाला. तो पुण्याला कंपनीत होता. "मशीननं काय दाखवलं तर मी गप बसतो. न्हाय तर घराला कुलूप, आन् आई माझ्यासंगं पुण्याला. डॉक्टरला दावायची."

"डबा वाटेत उघडला होता?" बाईंनी विचारलं.

"एकदा. हाईत का गेलं ते बघाया नगं?"

युवराजनं कपाळाला हात लावला. बाईंनी डबा परत केला. "उद्या मीच येते."

दुसऱ्या दिवशी सामान उचलायला बाईंबरोबर मीही वैरागला गेलो. दोनदा आंघोळ करून, बाम न लावता. पत्र्याच्या छपराची खोली, एक खाट, आणि भिंतीला डोकं टेकून टेकून पडलेला काळा डाग, बरोबर माणसाच्या डोक्याएवढा. बाईंनी एक नळी बाहेरच्या खोलीत लावली, एक इथं. छोटा पंप हवा ओढायला लागला. ऊन असं, की पत्रा मधूनच कुणी वर चालल्यासारखा वाजायचा.

तीनला वास आला. वाऱ्याबरोबर येतो तसा नाही. कुणी येऊन टेकल्यासारखा. खाट करकरली. मी पंपाकडं बघत राहिलो, खाटेकडं नाही.

गोजरबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आज मानसं आल्यात. धूर तिकडं सोडा."

दोन दिवसांनी बाईंनी मला कागद दाखवला. बाहेरच्या खोलीची नळी कोरी. आतल्या नळीत दोन सुळके. पहिला निकोटिनचा. "हे भिंतीत मुरतं. तीस वर्षं भिंत पीत होती, आता तापली की सोडती." दुसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा तंबाखू जळतानाच निघतो. उडतोही लगेच. दोन वर्षं काय, दोन दिवस टिकायचा नाही."

तो पहिल्याइतकाच उंच होता. त्यांनी तीनदा चालवून बघितलं होतं, दर वेळी आधी कोरी बाटली लावून. गोजरबाईंनीच ओढली म्हणावी, तर त्यांना दम्याचा त्रास. घरात उदबत्तीसुद्धा लावत नाहीत.

दुपारी मायलेक आले. बाईंनी भिंतीचं सांगितलं.

"म्हंजे वास खराच हाय?" युवराज म्हणाला.

"खरा आहे. आईचं नाक चांगलं आहे."

त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. "मग चुना मारून घेतो."

"मारायचा न्हाय," गोजरबाई म्हणाल्या.

"बरं, ऱ्हाऊ दे. पर रोज फोन उचलायचा."

"तीनला नगं करू. तवा मी मोकळी नसती."

तो संध्याकाळच्या गाडीनं एकटाच पुण्याला गेला. प्रमाणपत्राची प्रत मी फाइलला लावायला घेतली, तेव्हा लक्षात आलं. दोन्ही पदार्थांची नावं होती, पण दुसऱ्याबद्दल पुढं एक अक्षर नव्हतं.

"मॅडम, बिडी त्याच दिवशी ओढलेली होती, हे का नाही लिहिलंत?"

"लिहिलं असतं, तर त्या खोलीला भिऊन पोरानं तिला नेलंच असतं."