गुरुवारी कुंपणापाशी

एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते, तेव्हा गुरुवार आला की माझं डोकं सटकायचं. गुरुवार बाजाराचा. आसपासच्या गावांतल्या आया पायी बाजाराला यायच्या आणि येता येता शाळेच्या कुंपणापाशी बसायच्या. जेवणाच्या सुट्टीत पोरी धावत सुटायच्या. पानात बांधून आणलेले उकडलेले कंद खायच्या आणि आईच्या मांडीवर डोकं टाकायच्या. आया उवा काढायच्या, तेल चोपडायच्या, तोंडानं अखंड गोंडीत बोलणं चालू. घंटा झाली तरी एक हलेल तर शपथ!

आणि संध्याकाळी रडारड. पाचवीतली एक पोरगी तर हद्द करायची. आई गेली की खिडकीचे गज धरून बसायची, ताटाला शिवायची नाही. तिचं पाहून दुसरी, दुसरीचं पाहून तिसरी. गुरुवारचं अर्धं जेवण तसंच उरायचं.

मी मूळची वरोऱ्याची. माझी लेक तिथं माझ्या आईजवळ होती, तिसरीत. मी रोज फोन करायचे, तर पोरगी फोनवर हंबरडा फोडायची आणि आई मलाच झापायची, "तू फोन करून मोकळी होते, अन् मले इथी दोन घंटे तिले समजवा लागते!" मग मी फोन फक्त रविवारी करायचं ठरवलं. रडणं थांबलं. मला वाटलं, घ्या, सापडला इलाज!

त्याच सुमारास गडचिरोलीला मुलांच्या मानसिक आरोग्यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथून मी पाच चेहऱ्यांचा तक्ता आणला, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रोज सकाळी पोरींनी आपल्याला जसं वाटतंय त्या चेहऱ्याखाली टिकली लावायची. आणि माझी अक्कल बघा, त्याच आठवड्यात मी गुरुवारची भेट बंद केली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी या, म्हटलं. रविवारी बाजार नसतो, रोजी बुडवून नुसतं भेटायला एवढं कोण चालत येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आयांनी वाद घातला नाही, माना हलवून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांत वसतिगृह शांत. ताटं चाटूनपुसून साफ. तक्त्यावर हसऱ्या चेहऱ्याखाली टिकल्यांची ही गर्दी, रडका कोरा. पाचवीतल्या त्या पोरीची टिकली तर सगळ्यांच्या आधी लागायची. मी तक्त्याचा फोटो काढून प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांना पाठवला, साहेबांनी लगेच शाबासकीचा अंगठा पाठवला. दिवसभर मी हवेत होते.

स्वयंपाकघरातल्या मावशींना मात्र हे काही पटत नव्हतं.

"मॅडम, ते पोरगी रडून राह्यली होती तेच बरं होतं," त्या एका सकाळी म्हणाल्या. "आता कोणाले डोक्याले हात लावू देत नाई. केसायच्या जटा झाल्या. ताटभर जेवते अन् मागं जाऊन ओकते."

"काहीतरीच काय, मावशी!" मी म्हटलं. पण राहवलं नाही. दुपारी पोरीला खोलीत बोलावलं. कंगवा हातात घेतला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"काय झालं बेटा? बरं वाटत नाई का?"

"बरं आहे."

"मग जेवलेलं ओकते काऊन?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागली. मग म्हणाली, "मॅडम, मी रडत होती म्हणून तुमी आईले बंद केलं ना? आता मी नाई रडत. सगळं जेवते. टिकली पण हसऱ्यालेच लावते. आता येऊ द्याल?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि बुक्क्या माझ्या. आई परत मिळावी म्हणून दहा-अकरा वर्षांची पोर तीन आठवडे रडू गिळत होती आणि मी त्याचा फोटो काढत होते. लाज वाटली. फार वाटली.

पुढच्या गुरुवारी सूरजागडच्या लोहखाणीवरून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ खात मी स्वतः बाजारात गेले. मिरची घेत उभी असलेली तिची आई सापडली. "चला," म्हटलं, "आता दर गुरुवारी या. माझं चुकलं." तिनं एकच विचारलं, "पोरगी जेवते काय?" मी हो म्हणाले. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

कुंपणापाशी आई बसली, तिच्यापुढं पोरगी, ताठ. आई जटा सोडवायला लागली. केस ओढले जात होते, पोरीचे डोळे भरून आले होते, पण ती माझ्याकडं बघत दातओठ आवळून बसली होती. आईनं काही विचारलं की घाईघाईनं हसत होती. मी समोर असेपर्यंत ती रडणार नव्हती. रडलं की आई बंद, हे मीच तिला शिकवलं होतं.

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं बाहेरून तिचं रडू ऐकू आलं. हमसून हमसून, अगदी मोकळं. मधूनमधून आईचा हळू आवाज. मला तिथं, त्या आईच्या जागी बसायचं होतं. दर रविवारी फोनवर माझी लेक हल्ली "मी मजेत आहे, आई" एवढंच म्हणायची. आणि मी ते खरं मानून फोन ठेवायचे.

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, तुमी काऊन रडून राह्यल्या?"

"मले माझी पोरगी पाहिजे, मावशी."