सतीच्या दगडावरचा हात

कापराचा वास आला की बोरगावजवळचा सतीचा दगड आठवतो. मध्ययुगातल्या बायका कशा जगल्या ते शिकवायला बाईंनी आम्हा नववीच्या मुलींना तिथं नेलं होतं. दगडापुढं कुणीतरी कापूर लावला होता. दगडात कोरलेल्या, बांगड्या भरलेल्या हातावर मी हात ठेवला. बोटाला बोट जुळलं.

"बाई, ही केवढी हुती?"

"असेल तुझ्याएवढी."

मी रडायलाच लागले. "आयतवारी मला बघायला पावणं येणार हाईत."

संध्याकाळी बाई घरी आल्या. "इतक्यात लग्न नको, शिकू द्या तिला," त्या माझ्या वडिलांना, आप्पांना म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "पावण्यास्नी नगं म्हणून सांगतो."

तेव्हा वाटलं, बाई कुणालाच भीत नाहीत. त्यांच्या वयाची झाल्यावर उमगलं, आप्पांशी बोलताना त्यांचा आवाज कापत होता, तो भीतीनंच.