न उघडलेली बाटली

आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांनी विटांच्या कारखान्यावरच्या एका बाईला फसवलं, आणि तेही माझ्या तोंडून फसवलं.

मी आशाताई, म्हणजे वस्तीतली आशा कार्यकर्ती. कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेपासून विटा पाडणारे कारखाने माझ्या भागात येतात. त्याआधी मी कळमन्याच्या बाजाराबाहेर संत्री विकायची. तिथल्या दलालांशी भांडूनच बोलायला शिकले. भाव पाडायचा कसा आणि अडून बसायचं कधी, हे मला कोणी शाळेत शिकवलेलं नाही. पण एक गोष्ट तेव्हाही पाळायची. दिलेला शब्द फिरवायचा नाही, कारण गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. लसीचं कामही तसंच आहे. सुई सिस्टर टोचतात, पण आई दारातून निघते ती माझ्या शब्दावर.

ही बाई गोंदियाकडची. नवरा-बायको दोघंही विटा उचलायचे. मुलीला नऊ महिने पूर्ण झाले होते, गोवरची लस द्यायची होती. पण बाई ऐकेना. आधीच्या सुईनं पोरीला ताप आला होता, आणि ती रात्रभर रडली तर सकाळी कामावर उभं राहायचं कसं, हा तिचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नव्हता. मी तिच्याशी घासाघीस केली. ताप आला तर गोळी मी आणून देईन, म्हटलं. मुकादमाशीही मीच बोलले, अर्ध्या दिवसाची सुट्टी पदरात पाडून घेतली. तो कुरकुरला, पण मी दारातून हलत नाही हे त्याला कळलं. निघताना तिला एवढंच सांगितलं की झबलं सैल बाहीचं घाल, सुई उजव्या दंडाला असते.

लसीकरणाच्या दिवशी ती अंगणवाडीत आली तेव्हा पोरीची उजवी बाही तिनं घरूनच गुंडाळून आणली होती.

सिस्टरनं डब्यात पाहिलं, बाहेर पाहिलं. गोवरच्या लसीचं हेच एक मूल होतं. ही लस पावडरीच्या रूपात येते. त्यात पाणी मिसळलं की चार तासांत वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. एका बाटलीत बऱ्याच मुलांचे डोस असतात. म्हणून सिस्टर तिला म्हणाली, पुढच्या महिन्यात ये.

मी सिस्टरला बाजूला घेतलं.

"काहून? एक लेकरू आलं तरी बाटली उघडायची, हे आपल्याले शिकवलं ना?"

"शिकवलं ताई. पण मागच्या मीटिंगमध्ये साहेबानं वाया गेलेल्या बाटल्यांवरून सगळ्यांसमोर माही हजामत केली. तुमची नाई केली."

"बाटली साहेबाच्या घरून आली का?"

सिस्टरची नोकरी कंत्राटी आहे, तिचं भय मला समजतं. पण समजलं म्हणून मी शांत बसले नाही. सरळ साहेबांना फोन लावला. थोडी लस टाकून द्यावी लागेल हे धरूनच बाटल्या येतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ते म्हणाले, चार-पाच मुलं जमू द्या ना ताई, मग उघडू. मी म्हटलं, आणते. बाईला बसवून वस्तीभर हिंडले. वयात बसणारी दोनच मुलं निघाली. एक मामाच्या गावाला गेलेलं, दुसऱ्याची लस झालेली. घाम पुसत परत आले तर सिस्टर डबा बंद करत होती आणि बाई पोरीची बाही खाली ओढत होती.

"तूनंच तं बोलावलं होतं मले," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. तिनं चढवला नाही.

महिना व्हायच्या आत ते कुटुंब कारखाना सोडून गेलं.

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की कारखान्यावरचे लोक लस नाकारतात आणि आशाताई समजावण्यात कमी पडतात. मी उभी राहिले. "साहेब, ती आली होती. आपण तिले परत पाठवली." साहेब म्हणाले, हा विषय नंतर घेऊ. चहा आला. विषय आला नाही.

मग मुकादमाला धरलं. कुठं गेले ते सांगायला तो तयार नव्हता. मी त्याच्या खुर्चीसमोर दुसरी खुर्ची ओढून बसले, तेव्हा सांगितलं. खापरखेड्याकडचा कारखाना. बसनं गेले. मला पाहताच बाई झोपडीत शिरली. मी बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीबाहेरून बोलत राहिले. गोवर अंगावर काढण्याएवढा हलका आजार नाही, लहान लेकरू त्यात हातचं जाऊ शकतं, हे सांगितलं. इथल्या सिस्टरशी बोलून आले आहे, तुझी एकटीची पोरगी असली तरी बाटली उघडायचं तिनं कबूल केलं आहे, हेही सांगितलं.

आतून आवाज आला, "मागच्या बारीलेही तू असंच बोलून राहिली होती."

"तवा मी खोटी नव्हती वं."

"मंग खोटं कोण होतं? त्याले आण. तो सांगन तं येतो."

आतमध्ये पोरगी खोकत होती. साधाच खोकला असावा. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

तेव्हा साहेब, हा विषय नंतर घेऊ म्हणालात, ते नंतर आता आलं. मला माफी नको, शाबासकीही नको. पुढच्या लसीकरणाआधी माझ्यासोबत खापरखेड्याला चला. त्या तट्ट्यासमोर उभे राहा आणि बाटली उघडायला तुम्ही नको का म्हणालात, हे त्या बाईला तुमच्या तोंडानं सांगा. मी रस्ता दाखवते. कधी निघायचं, बोला.