रुपाबाई हरली तो दिवस

शेलूबाजारात भाजी विकणाऱ्या रुपाबाईला कोड्यात आजवर कोणी हरवलं नव्हतं. एकदा घरी परतताना जीपमध्ये बांगडीवाल्या मेहरबीनं तिला कोडं घातलं, "अंगावर घेतली तं ऊब देते, मधातून तोडली तं चहाचा भाव सांगते. वळख!"

रुपाबाईनं गोधडी, घोंगडी, शाल, सारं तोडून पाहिलं. या नादात तिचं गावही मागं गेलं. शेवटी तिनं हात जोडले.

"हरली वं माय! सांग!"

"चादर! चा अन् दर!"

रुपाबाईनं तो शब्द मनात तोडून पाहिला. मग तिला असं हसू फुटलं, की अख्खी जीप हसायला लागली. फय्याज ड्रायव्हरनं गाडीच थांबवली.

"मावशी, हरून कायले हसून राह्यल्या?"

"अरे, मले कोणीतरी हरवलं नं बाप्पा!" म्हणत तिनं मेहरबीला कडकडून मिठी मारली.