मागच्या सीटवर कोण बसणार

लढाई नुकतीच संपली होती. कमरेनं अधू झालेल्या आईला चढता यावं म्हणून मी मोटारीच्या स्प्रिंगांतला एकेक पाटा काढून ती दोन बोटं खाली बसवली होती. तेव्हापासून मोटार खड्ड्यात आपटायची.

सांगलीच्या नाक्यावर फौजेतून परतलेला एक मिस्त्री होता. मोटारीचा कोपरा दाबून सोडायचा आणि पत्र्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून तिचं हलणं ऐकायचा. मी मोटार त्याच्याकडे नेली, तेव्हाही त्यानं तसंच केलं.

"गचके झेलणारं शॉकअब्सॉर्बर गेल्यात. नवं घाला."

"लष्करी ट्रकचे भंगारात स्वस्त मिळतात. तेच बसव."

"ते लय कडक असत्यात, गचका थेट कमरंला बसतो. मागं कोन बसनार?"

"आई."

त्यानं पाना खाली ठेवला. "बर्मात आमी जखमींच्या गाडीला ट्रकचंच घातलं हुतं. मागं मानसं वरडायची, मी गाडी हाकायचो. अजून ऐकू येतंय, मालक."

तरी मी तेच बसवून घेतले. त्यानं काम केलं, पण नंतर माझ्याकडे बघितलं नाही.

पलूसच्या रस्त्यावर मी मागे बसलेल्या आईला विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"व्हय रं, लय मऊ चालतीया."

उतरताना तिच्या पदराचं टोक चावून चिंध्या झालेलं दिसलं. मिस्त्रीच्या जखमींना निदान ओरडता तरी येत होतं.